पलीकडचा ड्रायव्हर

रविवार, घरून

प्रिय ठोंब्या,

खात्यातले लोक तुला साहेब म्हणतात हे मला माहीत आहे. मी म्हणणार नाही. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. 'ताई, नंतर करतो' म्हणतोस आणि ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून हे पत्र. पत्र निदान टेबलावर पडून माणसाकडे बघत तरी बसतं.

तर ऐक. मी अण्णांना घेऊन तुझ्याकडे येते आहे. उद्या सकाळी निघतो. तुला नको म्हणायला मी जागाच ठेवलेली नाही, कारण हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा आम्ही बरंच अंतर कापलेलं असेल. पत्र विमानानं जातं. अण्णांना विमान बंद आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "एवढ्या उंचावर ह्यांना नेऊ नका." अण्णा लगेच म्हणाले, "मी जमिनीवरचाच माणूस आहे, डॉक्टर." त्या दिवशी त्यांचं डोकं छान चाललं होतं.

जमिनीवरून तुझ्यापर्यंत कसं यायचं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एवढा अवाढव्य देश, आणि त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी एकच थेट बस होती. तुझा बाप ती चालवायचा. ती बंद करावी असा अहवाल तू लिहिलास. लोक आता विमानानं जातात, बस रिकामी धावते, हे तुझं खरंही असेल. पण अहवालाच्या शेवटी तू एक वाक्य लिहिलं होतंस: 'प्रवाशांसाठी पर्यायी साधने उपलब्ध आहेत.' ते वर्तमानपत्रात छापून आलं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, पेपरची घडी घातली आणि त्या दिवसापासून तुझं नाव घरातून उठलं.

आता तुझी ती पर्यायी साधनं आम्ही वापरून बघतो. नदीपर्यंत रेल्वे. नदीवरचा पूल दुरुस्तीला काढलाय, म्हणून तिथे माणसं आणि गाड्या नेणारी बोट. बोटीपासून मधल्या गावापर्यंत मिनीबस. मधलं गाव म्हणजे तेच, जिथे अण्णांची बस जेवणाला थांबायची. तिथून तुझ्या शहराची दुसरी बस. पूर्वी एकदा बसलं की संपलं, आता दर ठिकाणी सामान उतरवा, चढवा आणि म्हातारा मोजा. मी एक शिंपीण, माझा जन्म एका खोलीत मशीनपुढे गेला. मला हे सगळं जमणार म्हणे.

अण्णांचं विसरणं वाढलंय. मला कधी ताई म्हणतात, कधी आईच्या नावानं हाक मारतात, आणि बऱ्याचदा नुसतंच 'अहो बाई'. त्यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरीत मी आतून पत्त्याची पट्टी शिवलीय. हरवले तर कोणीही कॉलर उलटून बघावी. स्वेटरांनाही शिवली. ऐन उन्हाळ्यात स्वेटर कशाला, असं विचारशील. तुमच्याकडे समुद्राचा वारा असतो, म्हणून.

येते आहे ती एवढ्याचसाठी की अण्णा तुझी फार आठवण काढतात. सारखं तुझंच नाव तोंडात असतं. बाकी काही नाही.

शेवटच्या स्टँडवर येऊन उभा राहा.

तुझी ताई

मंगळवार, रेल्वेच्या डब्यातून

ठोंब्या,

अक्षर हलतंय ते गाडीमुळे. माझा हात अजून चांगला आहे.

अण्णांना रेल्वे पसंत नाही. "ह्याला काय चालवणं म्हणायचं? रूळ नेतील तिकडे जायचं!" असं त्यांनी तिकीट तपासनिसाला तोंडावर सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "काका, मी फक्त तिकीट बघतो." मग अण्णांनी त्याला टायरमधली हवा बघून यायला पाठवलं. तो 'बघतो' म्हणाला आणि पुढच्या डब्यात गेला तो गेलाच. भला माणूस होता.

समोरच्या बाकावर एक जोडपं आहे. नव्या लग्नाचं दिसतंय. सबंध देश बघायला निघालेत. नकाशा मांडीवर पसरून दोघांचं चाललंय, इथून विमान घेऊ, तिथे गाडी भाड्यानं घेऊ, अमुक ठिकाणी बोट. त्या मुलानं अण्णांना विचारलं, "काका, रस्त्यानं गेलं तर काय बघायला मिळतं?" झालं! अण्णा सरळ बसले. गव्हाची शेतं, मग दगडांचा तो ओसाड पट्टा, घाट, मधलं गाव, आणि सगळ्यात शेवटी तुमचा समुद्र. "शेवटचं वळण घेतलं की रस्ता एकदम खाली उतरतो. समोर नुसतं पाणी. झोपलेली माणसं उठून उभी राहतात. मी त्यांना ओरडत नाही, उभं राहू देतो." एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. आठवतं ना तुला? तू अंथरुणात उठून बसायचास आणि म्हणायचास, 'अण्णा, परत सांगा, माणसं उठून उभी राहतात ते.' तू तिकडची नोकरी धरलीस ती पगारासाठी नव्हे, त्या वळणासाठी, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग एक गंमत झाली. अण्णांनी त्या मुलीला चहाचा कप दिला. तिनं धरला. अण्णा सोडेनात. ती ओढतेय, अण्णा धरून बसलेत. शेवटी चहा तिच्या कपड्यांवर. मी आपली माफी मागत समजावून सांगितलं, बाई ग, आमच्या घरचा नियम आहे. समोरचा 'आला माझ्याकडे' म्हणत नाही तोवर आमच्यात कोणी वस्तू हातातून सोडत नाही. ड्रायव्हर लोक गाडी एकमेकांच्या ताब्यात देताना तसं म्हणतात. गाडीत काय बिघाड आहे, रस्ता कसा आहे आणि कोणत्या प्रवाशाकडे लक्ष ठेवायचं, हे पहिल्यानं सांगायचं. दुसऱ्यानं किल्ली हातात घेऊन 'आली माझ्याकडे' म्हणायचं. मगच पहिला मोकळा. आपल्याकडे गरम पातेलं असो की तान्हं पोर, हाच कायदा. तू लहान असताना मी तुला आईकडून घेतलं तेव्हाही म्हटलं असणार.

ती मुलगी हसली. चहा पुसत तिनं अण्णांना विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" ते काहीतरी म्हणाले. गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.

ताई

गुरुवार, नदीच्या धक्क्यावरून

ठोंब्या,

वारा सुटलाय म्हणून बोट बंद. कालपासून इथेच आहोत. पत्र्याची शेड, लोखंडी बाक, एक नळ आणि 'प्रवाशांनी सहकार्य करावे' अशी पाटी. तुमच्या खात्याचीच दिसते.

ऐकू आलं होतं मला. ते म्हणाले, "एकच मुलगी."

आता पत्रात खोटं लिहायचा कंटाळा आला. ते तुझी आठवण काढत नाहीत. गेल्या वर्षभरात तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. आधी रागानं घेत नव्हते. आता राग विसरले, आणि त्याच्याबरोबर तूही गेलास की काय ते मला कळत नाही. मी कधी मुद्दाम तुझा फोटो पुढे करते. बघतात आणि म्हणतात, "पोरगा चांगला दिसतो. कुठल्या डेपोचा?"

आज सकाळी त्यांची पँट ओली झाली. सगळ्या रांगेसमोर. मी त्यांना आडोशाला नेलं तर हात झटकून मला ढकललं, "परक्या बाईनं अंगाला हात लावायचा नाही!" लोक बघायला लागले. मी नळावर पँट धूत होते आणि ते मागून तेच तेच ओरडत होते. मग मीही ओरडले. 'मरा एकदाचे' असं नाही म्हणाले, पण जे म्हणाले ते त्याच्या शेजारच्याच घरचं होतं. एका बाईनं आपल्या मुलांना माझ्यापासून लांब नेलं.

नंतर मी बाकावर बसून रडत होते, तर अण्णा आले, शेजारी बसले, खिशातला रुमाल पुढे केला. "बोट लागते का हो बाई तुम्हाला? लागते काही जणांना. क्षितिजाकडे बघा, बरं वाटतं." मी 'आला माझ्याकडे' म्हटलं तेव्हा रुमाल सोडला.

बोटवाला म्हणतो संध्याकाळपर्यंत वारा पडेल. तुला हे सगळं कळावं म्हणून लिहितेय असं समजू नकोस. मला दुसरं कोणी लिहायला नाही.

ताई

शनिवार, मधल्या गावातून

ठोंब्या,

आम्ही अडकलोय, आणि या खेपेला वाऱ्याचा दोष नाही.

मिनीबस दुपारी इथल्या स्टँडवर लागली. रस्ताभर अण्णा शहाण्यासारखे ड्रायव्हरच्या मागे बसले होते. वळण यायच्या आधी हातानं दाखवायचे, डावं, उजवं, आणि ड्रायव्हर 'होय काका' म्हणायचा. मी मनात म्हटलं, चला, आता एकच टप्पा. त्यांना बाकावर बसवलं, सामान जवळ ठेवलं आणि पुढच्या बसची चौकशी करायला खिडकीशी गेले. परत येते तर सामान जागेवर, अण्णा गायब.

मी स्टँडभर धावले, बायकांच्या मुतारीतसुद्धा बघितलं. शेवटी कॅन्टीनमधून एका म्हाताऱ्या बाईनं हाक मारली, "काकांना शोधताय? इथं आहेत." अण्णा तोंड धुऊन, ओल्या हातानं केस मागे सारून, ड्यूटी संपलेल्या माणसासारखे निवांत चहा पीत होते. कॅन्टीन त्या बाईचंच. सगळे तिला मावशी म्हणतात. तिनं अण्णांना चालीवरूनच ओळखलं होतं.

मी म्हटलं, "चला अण्णा, बस सुटेल."

"कुठं?"

"पुढं. समुद्राकडे."

"पुढं पलीकडचा नेतो. माझी गाडी इथवरच."

आणि उठून बाहेरच्या एका बाकावर जाऊन बसले. सावलीतला लांब बाक, पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड केलेला. मी समजावलं, गोड बोलले, दटावलं. मग दंडाला धरून उठवायला गेले, तर सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, "ही बाई मला पळवून नेतेय!"

पोलीस आला. तरुण होता, पण बोलायला सभ्य. मी म्हटलं, मी मुलगी आहे त्यांची. अण्णा म्हणाले, प्रवासी आहे, ओळख नाही. मी म्हटलं, कॉलर बघा, पत्ता शिवलाय. त्यानं कॉलर उलटली, वाचलं.

"हा पत्ता तुमचा?"

"नाही. माझ्या भावाचा."

"आणि तुम्ही राहता तिकडे, पार दुसऱ्या टोकाला." पिशवीतून बाहेर आलेल्या स्वेटरच्या बाहीकडे त्यानं बघितलं. "मग वडलांना पोचवायला चाललात, की सोडायला?"

ठोंब्या, मला त्याला उत्तर देता आलं नाही. तुला देते. सोडायला.

सगळे कपडे आणलेत, थंडीचेसुद्धा. पट्ट्यांवर तुझा पत्ता आहे. माझं परतीचं तिकीट एकटीचं आहे. तुझ्या दारात त्यांना उभं करायचं, दोन दिवस राहायचं आणि तिसऱ्या दिवशी तू ऑफिसला गेलास की निघून यायचं, असं मी ठरवलं होतं. मशीनवर बसून, पट्ट्या शिवता शिवता ठरवलं.

मी आजारी नाही. मला काही झालेलं नाही. कोणी लग्नाला मागणी घातलेली नाही, कुठे नोकरीही लागलेली नाही. तसं काही असतं तर सांगायला बरं पडलं असतं. मला फक्त झोपायचंय. आपण झोपलो असताना घरात दुसरं कोणीतरी जागं आहे, असं माहीत असलेली झोप. अण्णा गॅस चालू करतात, दार उघडून चालायला लागतात. मी पायाला दोरी बांधून झोपते, दुसरं टोक त्यांच्या पलंगाला. तू म्हणशील बाई ठेव. ठेवल्या होत्या. त्यांनाही अण्णा म्हणाले, परक्या बाईनं हात लावायचा नाही.

पोलीस 'जबरदस्ती करू नका' एवढं बजावून गेला, आणि मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. मावशी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ते चुकीचं काही बोलत नाहीयेत पोरी. इथंच बदलायचे ड्रायव्हर. हे तिकडून गाडी आणायचे, पलीकडचा समुद्राकडून आणायचा. या बाकावर बसून दोघं एकमेकांना गाड्या सांगायचे, अदलाबदल करायचे आणि ज्याचा तो आपल्या घराकडे परत. तुझा बाप या स्टँडच्या पुढं कधी गेलाच नाही."

ड्रायव्हर बदलतो हे आपल्याला माहीत होतं रे. पण आपण समजायचो की दुसरा चालवतो तेव्हा अण्णा मागच्या सीटवर झोपून पुढे जातात. मी म्हटलं, "अहो, पण समुद्र?"

"तो पलीकडचा सांगायचा. हे कान देऊन ऐकायचे. निघताना मला म्हणायचे, आज पोरांना सांगायला नवीन मिळालं."

ऐकलंस? ते वळण त्यांनी कधी बघितलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्याचा समुद्र आणून आपल्याला दिला.

पलीकडचा मागेच वारला, असं मावशी म्हणते. बाकावर कोणी येणार नाही, आणि आल्याशिवाय अण्णा उठणार नाहीत. मागेही नाही, पुढेही नाही. गाडी ताब्यात दिल्याशिवाय उठायचं नसतं.

म्हणून तू ये. मुलगा म्हणून येऊ नकोस, मुलाला ते ओळखायचे नाहीत. पलीकडचा म्हणून ये. इथे विमान उतरत नाही, रेल्वे येत नाही, आणि तुझ्या बाजूची बस आठवड्यातून मोजकेच दिवस धावते. तेव्हा साहेब, पर्यायी साधने उपलब्ध नाहीत. स्वतःची गाडी काढ. मीही अर्धाच रस्ता आणू शकते. इथून पुढचा तुझा.

हे टपालात टाकत नाही. तुझ्याकडे जाणारी बस आत्ता सुटतेय, तिच्या ड्रायव्हरच्या हातात देते. बाकावर कोण बसलंय ते त्याला सांगितलं. त्यानं टोपी काढली, पाकीट घेतलं आणि म्हणाला, "आलं माझ्याकडे."

ताई

सोमवार, तिथूनच

हे पत्र मी कोणाच्या हातात देणार नाही. पिशवीतच राहील.

मावशीनं मागची खोली दिलीय, पूर्वी ड्रायव्हर झोपायचे ती. सकाळी अण्णा स्वतः दाढी करतात, मी शर्टाला इस्त्री करून देते, आणि ते बाकावर जाऊन बसतात. पश्चिमेकडून धूळ उठली की अर्धवट उभे राहतात. ट्रक निघाला की परत बसतात. त्यांना वेळेचं काही वाटत नाही. "आज उशीर झाला गड्याला," एवढंच म्हणतात. दोन्ही दिवस तेच म्हणाले.

मला तुझा राग येतोय. पत्र वाचून तू खुर्चीत मागे रेलला असशील आणि म्हणाला असशील, ताईचं आपलं काहीतरीच. रागापेक्षा भीती मोठी आहे. तू येशील, ते तुझ्याकडे परक्यासारखे बघतील आणि तुझं तोंड लहानपणी पडायचं तसं पडेल. मग तू म्हणशील, ह्यासाठी बोलावलंस का मला?

तर काय सांगणार मी तुला?

रविवार, तुझ्या घरातून

प्रिय ठोंब्या,

आपल्या घरच्या पत्त्यावर तुझं नाव लिहिताना हात अडखळला. सवय मोडलीय.

तुझ्या फ्रिजमध्ये एक वाळलेलं लिंबू आणि खोकल्याचं औषध आहे. साहेब म्हणे! उशा मात्र चांगल्या आहेत. आले तशी झोपले, उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा झोपले. जाग आली तेव्हा पायाला दोरी नाही म्हणून आधी घाबरले. मग आठवलं, अण्णांजवळ तू आहेस.

काल फोनवर तुझा आवाज ओला होता. "ताई, घरी आल्यापासून त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी त्यांना आंघोळ घालतो आणि ते मला विचारतात, तुझं घर कुठं?" मी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मोरीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि तू फोन टाकून पळालास. असंच असतं तिथे. निवांत बोलायला पत्रच लागतं.

तू म्हणशील, बाकावरचं मला काय सांगतेस, मी तिथे होतो. होतास, पण तुला धड दिसत तरी होतं का? डोळे भरलेले, ओठ चावून उभा. म्हणून पुन्हा सांगते.

मंगळवारी सकाळी तुझी गाडी स्टँडवर आली तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. पूर्ण उभे. तू दोन ट्रकांच्या मधल्या बोळात गाडी उलटी घेतलीस, एकदाही पुढे-मागे न करता, आणि उतरून सरळ बाकाकडे आलास. धुळीनं केस पांढरे झाले होते. मला ओलांडून त्यांच्यापुढे उभा राहिलास.

अण्णा म्हणाले, "उशीर केलास."

तू म्हणालास, "हो. फार उशीर झाला."

"नवा दिसतोस. जुना कुठाय?"

"तो रिटायर झाला. आता मी."

मग त्यांनी तुला बाजूला बसवून गाडी सांगितली. ब्रेक जरा खाली लागतोय. नदीजवळ रस्ता खचलाय, सावकाश घे. आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईंकडे लक्ष दे. माझ्याबरोबर पहिल्यापासून आहेत. एका आजारी माणसाला सांभाळत आणलंय त्यांनी, मी बघत होतो. वाटेत कोणी मदतीला आलं नाही. नीट जेवल्या नाहीत, डोळ्याला डोळा नाही. त्यांना नीट पोचव." आणि रिकामी मूठ तुझ्यापुढे धरली, किल्ली असल्यासारखी.

मी त्यांना तुझ्या ताब्यात द्यायला निघाले होते, आणि त्यांनीच मला तुझ्या ताब्यात दिलं.

मूठ तशीच होती. अण्णा सोडणारे नव्हेत, हे आपल्या दोघांनाही ठाऊक. शेवटी तू हात पुढे केलास आणि म्हणालास, "आल्या माझ्याकडे." तेव्हा कुठे त्यांनी मूठ उघडली.

पुढचं तू चतुराईनं केलंस, तेवढ्यापुरती शाबासकी. मला समुद्राकडच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळवून दिलीस, घराची किल्ली दिलीस. अण्णांना म्हणालास, "तुमच्या बाजूचा रस्ता मला नवीन आहे, शेजारी बसून सांगाल का?" खोटंही नव्हतं ते. ज्या रस्त्यावरची बस तू बंद केलीस तो रस्ता तू कधी स्वतः चालवला नव्हतास.

आता तुझ्या गैरहजेरीत झालं ते. ह्यासाठीच हे सगळं लिहिलं.

तू गाडी काढायला गेलास. माझी बस सुटायची होती. अण्णा माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. प्रवासी नीट बसला की नाही ते बघूनच ते हलायचे. मला म्हणाले, "काळजी करू नका बाई. मी आता परत चाललो. हा नवा पोरगा मला नेतो म्हणतोय."

मी विचारलं, "चालवेल ना नीट?"

"न चालवायला काय झालं? गाडी कशी लावली बघितलंत ना? एका दमात. हल्ली कोणाला येत नाही असं." तू ट्रकांच्या मधून गाडी बाहेर काढत होतास, तिकडे बघत राहिले. मग खिडकीच्या काठावर हात ठेवून मला म्हणाले, "माझा एक मुलगा आहे. डेपोच्या मागच्या मैदानावर मी शिकवलं त्याला. तो अगदी अशीच लावायचा."

एक मुलगा आहे, म्हणाले. मी न विचारता म्हणाले. तेवढ्यात बस हलली.

तुझी रजा संपली की काय करायचं ते मला माहीत नाही, तुलाही नाही. त्या बाकावर भेटू, अदलाबदल करू, पुन्हा भेटू, असं किती दिवस जमेल? ते पुढे बघू. आणि हो, शेवटच्या वळणावर रस्ता खाली उतरत नाही, वर चढतो. पलीकडच्यानं चुकीचं सांगितलं, नाहीतर अण्णांनी पदरचं घातलं. पण समुद्र दिसल्यावर मी उठून उभी राहिले. ड्रायव्हर ओरडला नाही. हे त्यांना सांग. रोज सांग, रोज नवीन वाटेल.

त्यांचं ते वाक्य मी इतके दिवस माझ्याजवळ धरून ठेवलं होतं. तुझं आहे, तुला देते. पत्र वाचून झालं की फोन कर, आणि तू 'आलं माझ्याकडे' म्हटल्याशिवाय मी सोडणार नाही.

ताई